कुंडीत सापडलेला बिगुलवाला

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती, वय वर्षे अडुसष्ट, धंद्याने दातांच्या कवळ्या करणारी, आता निवृत्त, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस पाडलेले नाही, कुठल्या औषधाची गुंगी नाही आणि मला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसते आहे. ही शेवटची गोष्ट मृत्युपत्रात कोणी लिहीत नाही. मला लिहायलाच हवी, कारण एवढ्या खटाटोपाचे मूळ तिथेच आहे.

कलम १. यापूर्वी वकीलसाहेबांनी करून दिलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात त्यांचा काही दोष नाही. मी म्हटले तसे त्यांनी लिहिले. पण तेव्हा मी कशालाही हो म्हणत होते. मोतीबिंदू चोरपावलांनी येतो. जग पिवळे पडत चालले आहे हे कळतच नाही, वाटते आपलेच दिवस भरत आले. लॅबमध्ये दाताची छटा शेजारच्या दाताशी जुळवण्यात माझा हात धरणारे कोणी नव्हते, तिथे मी केलेले दात परत येऊ लागले. मालक चांगले, बोलले नाहीत, पण अवघड काम हळूच दुसऱ्या टेबलावर जाऊ लागले. मी काय ते समजले आणि घरी बसले. मग लेक म्हणाली घर विकू या, तू माझ्याकडे ये. मी म्हटले बरं. वकील म्हणाले आताच मृत्युपत्र करून टाका. मी म्हटले बरं. ते दीड पानी मृत्युपत्र वाचताना मी आधीच गेले आहे असे वाटत होते.

कलम २. राहते घर, म्हणजे तीन खोल्या आणि गॅलरी, माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावे. माझ्या हयातीत ते विकले जाणार नाही. विकत घेणाऱ्या गृहस्थांना मी स्वतः जाऊन नाही म्हणून आले आहे. ते रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता. पण झाले असे.

डोळ्यांची दोन्ही ऑपरेशने उरकली आणि लेक घर आवरायला आली. गॅलरीतली कोरफडीची मोठी कुंडी हलवताना तिच्या हातून निसटली आणि फुटली. मातीतून तिने काहीतरी उचलले.

"आई, हे काय गं? खिळा?"

"खिळ्याला कधी टोपी असते का?" मी म्हटले आणि तिच्या हातातून ते जवळजवळ ओढूनच घेतले.

तो माझा बिगुलवाला होता. अंगठ्याएवढा, कथिलाचा. पायाखालची चकती गेलेली, बिगूल वाकडा झालेला, अंगावर पांढुरके पुट चढलेले आणि रंगाचा टिपूस नाही. नाकही निम्मे झिजलेले. इतकी वर्षे तो कोरफडीच्या मुळाशी पडून होता आणि मी रोज त्याच्या डोक्यावर पाणी घालत होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमच्या घरी दर रविवारी युद्ध व्हायचे. माझी फौज निळी, धाकट्या दिरांची लाल. सगळे शिपाई असे बोटभर, आम्ही आपल्या हातांनी रंगवलेले. हे, म्हणजे माझे यजमान, सर्व्हेच्या कचेरीत नकाशे काढायचे. मी लॅबमधून उरलेले प्लास्टर आणायचे आणि हे त्याच्या टेकड्या, नद्या, घाट करायचे. त्या टेबलावर मांडून आम्ही लढायचो. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचे, तेवढेच शिपाई पुढे सरकवायचे. हे स्वतः लढत नसत. हे पंच. चहा करणे आणि भांडण मिटवणे अशी दोन खाती त्यांच्याकडे होती.

शेवटच्या लढाईत भाऊजींचे लाल घोडदळ टेकडीपर्यंत पोचले की नाही यावरून आमची चांगलीच जुंपली. ह्यांनी निकाल दिला, पोचले. मी म्हटले, पुढच्या रविवारी बघते. तो रविवार आला नाही. मधल्या आठवड्यात हे कचेरीतच, नकाशाच्या टेबलापाशी गेले. त्यानंतर त्या टेबलाशी बसायची हिंमत मला झाली नाही आणि भाऊजींनाही झाली नाही. लग्नकार्यात भेटायचो, तब्येती विचारायचो, टेकडीचा विषय कोणी काढत नसे. फौजा पेट्यांत गेल्या. बिगुलवाला पेटीत नाही हे तेव्हाच लक्षात आले होते. पण ज्या घरातून एक माणूस गेला तिथे बोटभर शिपाई कोण शोधत बसतो?

कुंडी फुटली त्या सकाळी मी निळ्या फौजेची पेटी उघडली. मागे एकदा कोणाला देऊन टाकावी म्हणून उघडली होती, तेव्हा सगळे शिपाई चिखलाच्या रंगाचे दिसले होते. वाटले होते, रंग उडाले. आता झाकण काढले. निळी! फौज अजून निळीच होती! रंग जागच्या जागी होते, उडाली होती ती माझी नजर. लेकीला हाक मारली, "अगं हे बघ, हे बघ!" ती बिचारी धावत आली, तिला वाटले मला काही झाले. तसे झालेच होते म्हणा.

मग मी काही ऐकेना. माझ्या जुन्या रंगांच्या बाटल्या वाळून दगड झाल्या होत्या. त्याच दुपारी दुकान गाठले. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजी, नातवासाठी का?" मी म्हटले, "नाही, शत्रूसाठी." ती हसत सुटली आणि तिने मला सहा निळे काढून दाखवले. सहा! आमच्या वेळी एकच मिळायचा आणि त्यातच पांढरा कालवावा लागायचा. मी तीन घेतले.

बिगुलवाला साबणाच्या पाण्यात भिजवला, दात घासायच्या मऊ ब्रशने घासला. कवळीवरचे मेण कोरायच्या सळईने बटणांच्या खाचा मोकळ्या केल्या. बिगूल एकदम सरळ करायला गेले असते तर तुटला असता, म्हणून चिमट्याने जरा जरा वळवला. चकतीच्या जागी लॅबमधल्या प्लास्टरची टिकली बसवली. मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, आणि मग पहिला निळा. मनगट टेबलाच्या कडेला टेकवले, श्वास धरला, आणि हाताला जुनी सवय एखाद्या पाळीव मांजरासारखी परत आली. त्या घटकेचा आनंद कसा सांगू? कोट भरत गेला तसतशी मी एकटीच मोठ्याने बोलत होते. लेक दारात उभी राहून ऐकत होती, ते मला नंतर कळले.

सगळे साधले असे नाही. डोळे काढले तर तो चकणा झाला. पुसून पुन्हा काढले तर घाबरलेला दिसू लागला. शेवटी डोळे सोडून दिले, टोपीखाली नुसती सावली दिली, आणि तो एकदम दूरवर पाहू लागला. झिजलेले नाक मी मुद्दाम भरले नाही. कोटावरचे खड्डेही ठेवले, त्यांत पातळ तपकिरी रंग सोडला. इतका पाऊस खाल्लेला माणूस कोराकरकरीत दिसला तर ते खोटे वाटेल.

रंग वाळला आणि मी भाऊजींना फोन लावला.

"भाऊजी, माझा बिगुलवाला सापडला."

पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचे ऐकू आले. मग, "कुठं होता इतकी वर्षं?"

"कोरफडीखाली."

"तरी मी म्हणायचो, वहिनी, तुमची फौज पळपुटी!"

त्या रविवारी ते आपली लाल पेटी काखेत मारून हजर. आमचे भाऊजी शिंपी आहेत. आल्या आल्या चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बिगुलवाला डोळ्यांशी धरला. मी जीव मुठीत धरून उभी.

"रंग झकास. पण बाही चुकली," ते म्हणाले. "हात वर गेलाय ना? मग चुण्या काखेत पडणार. तुम्ही त्या मनगटाला दिल्या आहेत."

बरोबर होते. मी तिथल्या तिथे बाही पुन्हा रंगवली आणि ते शेजारी बसून सांगत गेले, इथे गडद, इथे जरा उजेड. ह्यांच्या माघारी आम्ही दोघे इतका वेळ एका टेबलाशी कधी बसलो नव्हतो. मधेच ते म्हणाले, "दादा असता तर एव्हाना चहा आला असता." मी उठले आणि चहा टाकला. आधण उकळून आटले तरी ओट्याशीच उभी होते. भाऊजी आत आले नाहीत, की हाकही मारली नाही. बरे केले.

लेकीला त्याच संध्याकाळी सांगितले, मी घर सोडणार नाही.

"आई, एका शिपायासाठी?"

"शिपाई नाही, बिगुलवाला."

ती चिडून आपल्या घरी निघून गेली. दोन दिवस बोलली नाही. तिने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली होती, पडदे शिवले होते, तिचे वाईट वाटणे खरे होते. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "दारात उभी राहून तुला ऐकत होते ना, तेव्हाच कळलं होतं मला. फक्त कबूल करायचं नव्हतं." बाळा, तुझे पडदे मी पाहायला येईन, चांगली महिनाभर राहीन. पण परत येईन.

कलम ३. बँकेतले जे काही असेल ते लेकीचे. दागिनेही तिचेच. तिला न आवडणारा ठुशीसारखा जाड हार तिने बिनदिक्कत मोडावा, मलाही तो कधी आवडला नाही. सासूबाईंना आवडायचा.

कलम ४. माझ्या सळया, सुऱ्या, चिमटे आणि छटांची पट्टी लॅबमध्ये माझ्या टेबलावर सध्या बसणाऱ्या मुलीला द्यावी. सुऱ्यांना माझ्या हाताची धार आहे, पहिले दोन दिवस जपून वापराव्यात.

कलम ५. मोठे टेबल लेकीने ठेवावे, विकावे, नाहीतर त्यावर जेवावे. त्याची पूजा करू नये. ह्यांनी केलेल्या टेकड्या मात्र हाताळायला नाजूक आहेत, खालून उचलाव्यात.

कलम ६. जुने हिशेब. त्या लढाईत अंतर मोजले ते भाऊजींच्या दुकानातल्या कापडी टेपने. ती वापरून वापरून ताणली गेली होती. परवा मी ती स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. लाल घोडदळ टेकडीवर पोचले नव्हते. हे मी कायद्याच्या कागदावर नोंदवून ठेवते. ह्यांचा निकाल चुकला, पण तो प्रामाणिक होता, तेव्हा त्यांच्यावर राग नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी माझी शिडी नेली आहे, ती मात्र परत मागावी.

कलम ७. या कलमात मी लिहिले होते की माझी निळी फौज, बिगुलवाल्यासह, माझ्या पश्चात धाकट्या दिरांना मिळावी. ते आज मी खोडले. का खोडले ते लिहिते.

वकीलसाहेबांनी बजावले होते की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही, केली तर त्याचे मिळणे रद्द होते. म्हणून साक्षीला मी आमच्या डॉक्टरीणबाईंना आणि खालच्या दुकानातल्या चावीवाल्यांना बोलावले होते. डॉक्टरीणबाईंनी माझे मन ठिकाणावर आहे का हे पाहायला विचारले, "सध्या काय करता?" पाऊण तास मी त्यांना निळ्याच्या छटा सांगितल्या. त्या म्हणाल्या, "पुरे, पटलं मला."

तेवढ्यात रविवारच्या लढाईला आलेल्या भाऊजींनी कागद ओढून घेतला. सहावे कलम वाचून त्यांनी नाक मुरडले. सातवे दोनदा वाचले. मग म्हणाले, "वहिनी, हे नको."

"का? तुमच्याइतकी तिची किंमत कोणाला आहे?"

"दोन्ही फौजा माझ्याकडे आल्या तर मी लढू कुणाशी?"

त्यांनी चावीवाल्यांना बाजूला व्हायला सांगितले, खिशातले पेन काढले आणि विचारले, "साक्षीदाराला काहीच मिळत नाही ना? कायद्यानेच?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं ह्यांचे वकीलच म्हणतात."

"मग मी साक्षीदार."

म्हणून नवे कलम ७. माझी निळी फौज मृत्युपत्राने भाऊजींना मिळणार नाही. मी आधी गेले तर लेकीने ती अशा कोणाला तरी द्यावी जो दर रविवारी भाऊजींच्या समोर येऊन बसेल. त्याला खेळता येत नसले तरी चालेल, भाऊजी शिकवतील. त्याने त्यांना मुद्दाम जिंकू देऊ नये.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लेकीने करावी. घाई करू नये. मलाही नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: कवळीवाली बाई, लेकीची आई

साक्षीदार १: घरच्या डॉक्टरीणबाई. (मन ठणठणीत. बोलणे आवरत नाही. रक्तदाब उत्तम.)

साक्षीदार २: धाकटा दीर, धंदा शिवणकाम. (मी सहीचा साक्षीदार आहे, सहाव्या कलमाचा नाही.)

ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळचे टेबल, प्लास्टरच्या नदीच्या निळ्या काठावर.

दिनांक: रविवार, सकाळच्या उजेडात.

सहीचे अक्षर वाकडे आले आहे. ते वयामुळे किंवा आजारामुळे आले असे कोणी समजू नये. फासे पडले होते आणि पाळी माझी होती.