अंगठ्याची बदली

६ जानेवारी

ति. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

अक्षर तुझ्या भावजयीचं आहे, शब्द माझे. मला काही दिवस पडून राहायला सांगितलंय, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. एरवी या घरात ती सांगते आणि मी ऐकतो, त्यामुळे ही संधी सोडवत नाही.

घाबरू नकोस. माझा उजवा अंगठा गेला. डॉक्टरांनी जखम शिवली आहे, ताप नाही, जेवण जातं. कसा गेला ते विचारू नकोस. ऐकून तू रागावशील, आणि रागवायला मी समोर नाही.

दुकान बंद केलंय. किल्ली हिच्याकडे दिली आहे. आता ते पुन्हा उघडेल असं वाटत नाही. तुझ्या टेबलाचा चौथा पाय सहा वर्षं माझ्याकडून राहिला, तो राहिलाच. एखाद्या चांगल्या सुताराकडून करून घे. त्यासाठी एक लाकूड मी केव्हाचं बाजूला काढून ठेवलंय, ते त्याला देईन.

ही लिहिता लिहिता थांबून माझ्याकडे बघते आहे. तिला काहीतरी जास्तीचं लिहायचंय, आणि मी लिहू देत नाही.

तुझा लोभ आहे, तो या पत्रानंतरही टिकावा.
तुझा,
धाकटा


११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र वाचून आधी रडले, मग चष्मा पुसला आणि मग तुला यथेच्छ बोल लावले. विचारू नकोस म्हणतोस, पण मला विचारायची गरजच नाही. आरोग्य खात्यात बसून एकवीस वर्षं घरोघरच्या पाहणीचे तक्ते जुळवते आहे. मी नोकरीला लागले तेव्हा फॉर्म यायचे ते ताप, जुलाब आणि खोकल्याने भरलेले. आता ते रकाने ओस पडलेत, आणि साखर, वजन, रक्तदाब यांच्या रकान्यांत आकडे मावत नाहीत. ज्या फॉर्मवर अंगठा गेला असं असतं, त्याच्या शेजारी साखर असतेच. जोडा चावतो, पायाची जखम कळत नाही, ती चिघळते आणि शेवटी कापावं लागतं. चहात तीन चमचे साखर घालून वर कप खरवडणारा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे.

सोबत पथ्याचा छापील कागद पाठवते. तो भिंतीवर लाव. कपाटात ठेवलास तर मला कळेल.

पण दुकान बंद, हे काय खूळ? पायाच्या अंगठ्यावाचून सुताराचं काय अडलंय? तू काय लाकूड तासायला पायात पटाशी धरतोस? वीस वर्षं ओट्याशी उभा राहून काम करतोस. पायाचा अंगठा गेला तर जाऊ दे, त्याचं सुतक धरू नकोस. हाताचा अंगठा शाबूत असला की सुतार शाबूत. हे मी मोठी बहीण म्हणून सांगते, आणि माझं ऐकून तुझं कधी वाईट झालेलं नाही. (विहिरीत उडी मारायला सांगितली होती तो एक प्रसंग सोड.)

टेबलाचा पाय दुसऱ्या कुणाला करू देणार नाही. त्या कोपऱ्याखाली विटा आहेत, विटांवर जुन्या फॉर्मची घडी आहे, आणि त्यावर डुगडुगत हे पत्र लिहिलं आहे. अक्षर वाकडं दिसलं तर दोष तुझा.

माया नेहमीचीच, राग या आठवड्यापुरता.
तुझी,
ताई


१५ जानेवारी

ति. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते. या खेपेला शब्दही माझेच आहेत.

वन्सं, तुम्ही भलत्याच अंगठ्यासाठी रडलात. गेला तो हाताचा. दुकानातल्या गोल करवतीवर फळी पुढे सरकवायला एक काठी असते. त्या दिवशी घाईत ती घेतली नाही. अंगठ्याचा पार चुरा झाला होता, त्यामुळे तोच परत शिवता आला नाही. करवतीचं नावही पत्रात येऊ दिलं नाही ह्यांनी. साखर म्हणाल तर ह्यांची माझ्यापेक्षा चांगली निघाली.

तुमचं पत्र ह्यांनी स्वतः वाचलं. साखरेपाशी आले आणि हसायला लागले. त्या दिवसापासून पहिल्यांदाच हसले. मीही हसले. मग ते हाताचा अंगठा शाबूत या वाक्यापाशी पोचले आणि पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली.

आता खरी गोष्ट. इथल्या रुग्णालयात हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्या म्हणतात, पायाचा अंगठा काढून हाताला बसवता येतो. हाड हाडाला जोडायचं, आणि रक्तवाहिन्या, नसा सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवायच्या. पुढे त्या अंगठ्याला गरम-गार कळायला लागतं, पकड येते. मी तीस वर्षं शिवणकाम करते, मला राहवेना. सुई बघायला मागितली. त्यांनी चिमट्यात धरून दाखवली. मला काही दिसलं नाही, तरी मी जाणकारासारखी मान डोलावली.

हे ऐकायलाच तयार नाहीत. धडका पाय कशाला कापायचा म्हणतात. हातात पाय घेऊन फिरणारा सुतार म्हणून लोक हसतील म्हणतात. वन्सं, हसण्याला हे भीत नाहीत. पुन्हा आशा धरायची आणि तीही गेली तर काय, याला भितात. रोज दुपारी पटाशी घेऊन बसतात. चार बोटांत ती ठरत नाही, खाली पडते. मला ऐकू गेलं असं त्यांना वाटू नये म्हणून मी त्या वेळी मशीन जोरात चालवते. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या बाहीवर तीनदा शिलाई मारून बसले.

पण पायाच्या अंगठ्यावाचून सुताराचं काही अडत नाही, असं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. तेवढा मजकूर मी कापून भिंतीवर लावला आहे, पथ्याच्या कागदाशेजारी. ह्यांनी तुमचा शब्द कधी मोडलेला नाही, विहिरीचासुद्धा. म्हणून पदर पसरून सांगते, चूक झाली असं लिहू नका. चूक तशीच रेटा.

तुमच्या आशीर्वादाची आणि थोड्या खोटेपणाची वाट बघणारी,
तुमची भावजय


१९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. आणि एक हुकूम.

माझी चूक झाली असं तुला वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाक. एकवीस वर्षांत माझा तक्ता चुकलेला नाही. मी जे लिहिलं ते पूर्ण विचार करून. आपल्या भाषेत हातालाही अंगठा आणि पायालाही अंगठाच. एकाच पदावरचे दोन कर्मचारी आहेत ते. एक जागा रिकामी झाली की दुसऱ्याची तिथे बदली करायची, यात लाजण्यासारखं काय आहे? बदलीच्या जागी सुरुवातीला गैरसोय होते, लोक नावं ठेवतात, वर्षभरात माणूस रुळतो.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना मी कचेरीतून फोन केला होता. त्यांच्या हातच्या शंभर अंगठ्यांपैकी पंच्याण्णव जगले आहेत. तू म्हणशील, उरलेल्या पाचांत मीच असणार. लहानपणापासून तुझी हीच खोड. आख्ख्या वर्गात एकच पोर नापास होणार म्हटलं की तू घरी येऊन आधीच रडून घ्यायचास, आणि नापास दुसराच कुणीतरी व्हायचा. समजा, आलास त्या पाचांत. तर मी रजा टाकून येईन आणि तुझ्याशेजारी बसून तुझ्याइतकीच रडेन. पण काही न करता नुसता पटाशी पाडत बसणार असशील तर येणार नाही.

मला तुझी फार काळजी वाटते. आई गेल्यापासून रोज वाटते. हे एकदाच लिहिलं आहे, पुन्हा लिहायला लावू नकोस.

हुकूम मोडल्यास माया तहकूब.
तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ति. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

अंगठा बदलीच्या जागी रुजू झाला. अकरा तास लागले.

दुसऱ्या दिवशी मात्र जीव टांगणीला लागला. अंगठा निळा पडत चालला. परिचारिकेने धावत जाऊन सांगितलं, ह्यांना परत आत नेलं. मी बाकावर बसून त्या पाचांचा विचार करत होते. तुमची कितीही आठवण आली तरी तुम्हाला फोन करायला बोटं वळेनात. दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, एका शिरेवरचा टाका आवळला गेला होता, तो उसवून पुन्हा घातला. वन्सं, अंगठा वाचला त्याचा आनंद तर झालाच, पण त्यांनाही उसवावं लागतं हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आता रंग चांगला गुलाबी आहे. ह्यांची पहिली तक्रार नखाची होती. पायाची नखं हे महिन्यातून एकदा कापतात आणि हाताची आठवड्याला. याचं काय करायचं, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं. बदलीच्या जागेचे नियम लागू, असं त्या म्हणाल्या. तुमचं पत्र त्यांना मीच दाखवलं होतं.

पकड येईल की नाही, ते अजून कुणी सांगत नाही. पटाशी मी लपवून ठेवली आहे.

तुमच्या खोटेपणाची कायमची ऋणी,
तुमची भावजय


१२ ऑक्टोबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

एक तक्रार दाखल करतो. परवा तुझ्या खात्याची पाहणीवाली बाई आली. हाताची बोटं दहा, तिने लिहिलं. पायाची नऊ, तेही लिहिलं, आणि माझ्याकडे फार कणवेने बघितलं. पायाचा अंगठा कुठे गेला असं विचारल्यावर मी हात पुढे केला आणि हा काय, असं सांगितलं. तिला वाटलं मी थट्टा करतो. तिने साखरेच्या रकान्यात संशयित म्हणून खूण केली आणि गेली. पायाचा अंगठा नसेल तर साखर धरावी, हा नियम तूच फॉर्मवर छापून घेतला आहेस म्हणे. तेव्हा एकवीस वर्षांत न चुकलेला तुझा तक्ता या महिन्यात एका माणसाने चुकणार, आणि तो माणूस मी आहे. याचा मला जरा अभिमान वाटतो. हिने मात्र सरकारी कागदाचा मान म्हणून माझ्या चहातली साखर बंद केली. पथ्याचा कागद अजून भिंतीवरच आहे. लवकर दुरुस्ती कर.

सोबत लांब पुडकं आहे, ते जपून उघड. दुकान उघडलं त्या दुपारी तेच लाकूड पहिल्यांदा ओट्यावर घेतलं. पटाशी हातात धरली आणि पडली. चार वेळा पडली. शेजारच्या खोलीत हिचं मशीन एवढ्या जोरात चाललं होतं की खिडकी थरथरत होती. तुला वाटतं मला ते आजवर माहीत नव्हतं? पाचव्यांदा पटाशी पडली नाही. मी एक कपची काढली, दुसरी काढली, आणि काढत राहिलो. थोड्या वेळाने मशीन थांबलं. ही दारात येऊन उभी राहिली, तिच्या गळ्यात माप घ्यायची फीत तशीच होती.

विटा आणि फॉर्म काढून टाक. टेबलाचा हा पाय तुझ्या हुकमावरून माझ्या पायाने घडवला आहे. एका बाजूला थोडा ओबडधोबड आहे, ती बाजू भिंतीकडे कर.

तुझ्या पाया पडायला आता वाकायची गरज नाही. नुसते हात जोडले तरी त्यात एक पाय येतोच.

लोभ मोजू नये, तक्ता चुकेल.
तुझा,
धाकटा

ता. क. शब्द माझे. अक्षरही माझंच.