कळंबचं जोतं

फुलपाडा, विरार (पूर्व)
दि. ९ नोव्हेंबर २००३

ती. सुधाकरकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

काकूच्या कळंबच्या बंगलीचा नकाशा सोबत आहे. तुम्ही पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसिअर, लाल पेन्सिल घेऊनच बसाल हे माहीत आहे. पण आधी नीट वाचा, मग चुका काढा. काकूच्या माहेरची ही जागा म्हणजे नुसती पट्टी. एका अंगाला शेजाऱ्याचं कुंपण, दुसऱ्या अंगाला मासळी वाळवायला जायची वाट. त्यात समुद्र इतका जवळ की नवं घर बांधायला परवानगीच नाही. जुन्याची दुरुस्ती तेवढी करता येते, तीही जुन्या जोत्याएवढीच, वीस फूट बाय सव्वीस. छप्पर आणि कुडाच्या भिंती कधीच पडल्यात, पण जोतं शाबूत आहे म्हणून निभावलं. दुरुस्तीची परवानगी हातात आली!

खारा वारा गिलावा खातो, म्हणून समुद्राकडची भिंत काळ्या दगडाची घेतली. बाकीच्या विटांच्या, चारी भिंती दगडी घेतल्या तर जाडीतच खोली संपायची. खिडकी इतकी खाली घेतलीय की काकूला पलंगावरून समुद्र दिसेल. तिचं हृदयाचं दुखणं कसं आहे? मे महिन्यात गृहप्रवेश करू म्हणावं.

माया आहेच, थोडी आणखी पाठवा.
क्षितिजा


सोलापूर
दि. २० नोव्हेंबर २००३

चि. क्षितिजा हिस,
अ. उ. आ.

नकाशा पाहिला. संडासाचं दार स्वयंपाकघराकडे उघडायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवलं ग? बाकी बरं आहे. म्हणजे फारच चांगलं आहे, पण तुला एवढ्यात हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाही.

डॉक्टर म्हणाले, वर्ष निघालं तर नशीब. यमुनेला हे सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं ती माझ्यामागून धरणांच्या वसाहतींत धूळ खात हिंडली, कधी काही मागितलं नाही. आता एकच म्हणते, मला शेवटी समुद्राशी नेऊन ठेवा.

तिचा निरोप आहे. जोत्याचे दगड तिच्या वडिलांनी होडीतून आणून स्वतः घडवले. ते मातीत गाडून ठेवू नकोस, भिंतीत घे, हात लावता येईल असे. मलाही पटलं. असा घडीव दगड आता मिळतो कुठे?

वेळेवर जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे.
तुझा काका


फुलपाडा
दि. १८ जानेवारी २००४

ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

संडासाचं दार फिरवलं, झालं समाधान? आता काकूला वाचून दाखवा. जोत्याचे सगळे दगड काढले. दोनशे बारा भरले. एकेकावर रंगाने नंबर घातलाय, कुठला कुठे लावायचा ते कागदावर आहे. खाली त्याच मापाचं काँक्रीटचं जोतं येईल.

आमचा गवंडी सॅन्टन मात्र फुगलाय. म्हणत होता, बाई, एक कोपरा तरी जागेवर राहू द्या, उद्या सरकारी माणूस आला तर दाखवाल काय? मी म्हटलं, माझ्याकडे नकाशा आहे, फोटो आहेत. या म्हाताऱ्या गवंड्यांना शंका फार!

काकूला सांगा, तिच्या पलंगाच्या उशाचे दगड मी स्वतः निवडणार आहे.

तुमच्या लाडात राहू इच्छिणारी,
क्षितिजा


फुलपाडा
दि. २४ फेब्रुवारी २००४

ती. काका यांस,
शि. सा. न.

काय तोंडाने लिहू? तालुक्याहून पाहणीला माणसं आली. रेतीत खड्डा आणि शेजारी दगडांची रास, एवढंच त्यांना दिसलं. साहेब म्हणाले, दुरुस्तीची परवानगी आहे, पण दुरुस्त करायचं घर कुठे आहे? मी नकाशा दाखवला, फोटो दाखवले, दगडांवरचे नंबर दाखवले. म्हणाले, जोतं होतं तोवर घर होतं. आता ही मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेवर इथे एक वीट ठेवता येत नाही. परवानगी रद्द. दगड होते तसे परत बसवते म्हटलं, तर तेही नवं बांधकाम. घरपट्टीच्या पावत्याही छप्पर पडलं त्या सालापासून बंद आहेत. वकील म्हणतात अपील करा, तीन-चार वर्षं लागतील, आणि तरी खात्री नाही.

काका, सॅन्टनने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. काकूला आता कसं सांगणार?

क्षितिजा


सोलापूर
दि. ८ मार्च २००४

चि. क्षितिजा हिस,
अ. आ.

जागेवरची खूण हलवू नये, हे आयुष्यभर मोजमापं घेतलेल्या मला कळायला नको होतं? मीच पटलं म्हणून लिहिलं. तेव्हा दोष एकटीच्या डोक्यावर घेऊन बसू नकोस.

यमुनेला सांगितलं. कळंबला एखादी कॉटेज भाड्याने घेऊ म्हटलं, तर म्हणाली, माझ्या गावात मी पाहुणी होऊन जाऊ? आता डॉक्टरही प्रवासाला नको म्हणतात. तो विषय संपला.

ती तुझ्यावर मुळीच रागावलेली नाही. पोरीला बोलू नका म्हणाली. शांत झोप.

तुझा काका


सोलापूर
दि. १० मार्च २००४

चि. क्षितिजास यमुनाकाकूचा आशीर्वाद.

ह्यांनी तुला लिहिलं, मी रागावले नाही म्हनून. ते पत्र पेटीत पडायच्या आधी मी वाचलं. मी तसं बोललेच नव्हते. मी गप्प बसले होते.

मी रागावलेय, पोरी. दगड भिंतीत घे हा निरोप माझाच, ते ठाऊक आहे. पन मी सातवी शिकलेली बाई, मी हट्ट करनारच. नाही म्हनायला तू शिकली होतीस. सॅन्टनचं तरी ऐकायचंस. त्याचा बाप माझ्या बापाबरोबर छिन्नी घेऊन बसायचा, त्याला जोतं म्हनजे काय ते कळतं.

हे तुला बरं वाटावं म्हनून खोटं लिहितात, आनि मला बरं वाटावं म्हनून डॉक्टरचं खोटं सांगतात. मला किती दिवस आहेत ते मला कळलंय.

तुझ्यावर माझा जीव आहे. तुला मी मांडीवर घेऊन भरवलंय, ते कुठं जानार नाही. पन रागही खरा आहे. चार वर्षं मिळाली असती तर गेला असता. तेवढी माझ्याकडं नाहीत. म्हनून आत्ताच लिहून ठेवते. मागून कोनी तुला सांगेल, काकूनं जाताना माफ केलं होतं. ते खरं मानू नकोस.

यमुना