जुने धोटे आहेत तोवर

लालबाग, मुंबई १२
रविवार, ता. ९ मार्च १९५८

प्रिय रामजी,

नमस्कार आणि जयभीम, दोन्ही घे. इकडे सारे मजेत. आमची नलू आता कमळाच्या, म्हणजे आईच्या खांद्याला लागली. काशीवहिनी आणि मुलं खुशाल असतील. तुझं करी रोड इथून हाकेच्या अंतरावर, तरी पत्र टाकतोय. हसू नकोस.

बातमी अशी, की मी जॉबर झालो, विणकर आता माझ्या हाताखाली. आणि आमच्या विणाईखात्यात साच्यांवर आडवा धागा नेणारे नवे धोटे यायचे आहेत. जुन्या धोट्यात सुताची कांडी भरली की भोकाला तोंड लावून धागा बाहेर ओढावा लागतो, हे तुला ठाऊकच आहे. नव्याला खाच आहे, धागा बोटाने ओवता येतो. घ्यायचे की नाही, विणाईमास्तरांनी मला विचारलं.

विणकर कुरकुरले. "तोंडाने चुटकीसरशी होतंय, बोटं कशाला घोळवायची?" वीस वर्षं मीही तेच केलं. पोटात इतका कापूस गेलाय की एक गादी भरेल. चहासुद्धा तसाच ओढतो म्हणून कमळा मला वेडावते. पण आठवडाभर नमुन्याचा धोटा चालवला, हात बसला. मी होकार दिला. आता सगळे खूश आहेत, मीही आहे.

इथवर सोपं होतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी आपल्याला धरलं, तेव्हा तुरुंगात पंधरा दिवस आपण एकाच पेल्यातून पाणी प्यालो. सुटल्यावर तू सूतखात्यातून विणाईत यायला अर्ज केलास. खात्यात सगळे गप्प होते. बोललो मीच. "रामजी, धोटा तोंडाला लावायचा असतो रे." तुझ्या जातीच्या माणसाचं तोंड लागलेला धोटा आम्हाला चालणार नाही, हाच त्याचा अर्थ. तू "बरं" म्हणालास आणि निघून गेलास. दोन वर्षं मी स्वतःला समजावत होतो, की मी फक्त खात्याचा रिवाज सांगितला. खोटं आहे ते. मला शरम वाटते.

काल मास्तर म्हणाले, "आता तुझ्या त्या दोस्ताची अडचण मिटली." मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. अडचण तुझी नव्हतीच.

नवे धोटे पुढच्या महिन्यात येतील. माझ्या साच्यांवर बदलीची एक जागा आहे. तू आत्ताच ये, जुने आहेत तोवर. पहिला धागा तू ओढ. त्याच धोट्याला तोंड लावून दुसरा मी ओढीन, सगळ्यांसमोर.

नाही आलास तरी राग धरणार नाही. तो धरायचा हक्क तुझा.

तू म्हणशील तर तुझाच,
राजाराम