शंभर वॅटचा पाठवू नकोस

रविवार, १२ ऑक्टोबर

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण तेवढं तर फोनवरही सांगितलं असतं.

आधी तुझा प्रश्न. बाबांच्या स्पीकरमागे आठ ओहम, शंभर वॅट असं लिहिलंय. अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम वीस वॅटचा. तुझा अंदाज बरोबर निघाला. मेकॅनिक म्हणाला, छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत पिळलं की आवाज फाटतो आणि वरचे नाजूक ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचे छोटे स्पीकर, जळतात. दोन्ही जळलेत. खालचे मोठे स्पीकर शाबूत आहेत.

तू लिहिलंस, "शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पाठवतो, म्हणजे पिळावा लागणार नाही. बाबा माझ्याशी बोलत नसले तरी तेवढं घेतील." पाठवू नकोस. रागावू नकोस, पुढे वाच.

मेकॅनिकने सहज विचारलं होतं, "घरात एवढा आवाज लावतं कोण?" मी हसून वेळ मारून नेली. पण ट्विटर गेल्यापासून गाणं पांघरुणाआडून आल्यासारखं वाजतंय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "काय झालंय त्याला? उत्तम वाजतोय." टेलिफोनच्या लाइनीतली खरखर नुसत्या कानाने ओळखण्यात ज्यांनी अख्खी नोकरी काढली, ते हे म्हणाले. तरी मी फक्त मेकॅनिकलाच बोलावलं.

परवा आम्ही रस्ता ओलांडत होतो. ते चार पावलं पुढे. वळणावरून ट्रक आला, ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला, मी हाका मारल्या. बाबा आपले चालतच राहिले. धावत जाऊन दंड धरून ओढलं, तर माझ्यावरच चिडले. मग बाजूने ट्रक गेलेला दिसला आणि त्यांचा चेहरा उतरला.

घरी चपला काढता काढता म्हणाले, "धाकट्याला सांगायचं नाही. माझी शपथ आहे."

"कधीपासून असं होतंय?"

"आवाज येतो गं, पण कुठून ते कळत नाही. शब्द येत नाहीत. फोनवर तर मुळीच नाही."

उन्हाळ्यात तू फोनवर त्यांची माफी मागत होतास आणि त्यांनी मध्येच फोन ठेवला होता. त्याबद्दल विचारलं. चष्मा काढून पुसायला लागले.

"माफी मागत होता तो? मला वाटलं, परत भांडतोय."

तुझ्या नोकरीवरून झालेलं ते भांडण त्यांच्या मनातून कधीच गेलंय रे. फोन घ्यायचे नाहीत ते रागाने नाही, लाजेने.

डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात. मोठा अ‍ॅम्प्लिफायर आला तर तोही पिळतील आणि उरलंसुरलं ऐकणं घालवतील. ट्विटर मी बदलून घेते. तू ये. समोर बस, उजेडाकडे तोंड करून सावकाश बोल. ते ओठ बघतात.

आत्ता बाबा दारात येऊन विचारत होते, कोणाला लिहितेस. म्हटलं, "धाकट्याला." काहीच बोलले नाहीत. ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्याने पुन्हा सांगितलं.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं," म्हणाले. अजून तिथेच उभे आहेत. नको लिहूस, असं म्हणालेले नाहीत.

शपथ मोडून,
तुझी ताई