होडीला हो म्हटलं

नांदेड, मंगळवार, संध्याकाळ

दुपारी डॉक्टरांनी मला एकटीला दवाखान्यात बोलावून सांगितलं, यांचे थोडेच दिवस राहिलेत. घरी आले तर हे पडल्या पडल्या मोबाइलवर होड्याच बघत होते. मालवणला राहायचं, छोट्या होडीतून मासे धरायचे, हे यांचं जुनं वेड.

"सपाट बुडाची गोदावरीत ठीक हाय. समुद्राला खोल बुडाची लागती. घेऊ का?"

एरवी मी फटकारते, "विष्णुपुरीच्या धरणावर काठाला चपला धरून बसता, अन् समुद्रात जाणार!" आज म्हटलं, "घ्या. छत असलेली घ्या, ऊन लागेल."

छत! कुठून सुचलं मला?

हे बघतच राहिले. मोबाइल उशाशी उलटा ठेवला. "अगं, काय म्हणले डॉक्टर?"

रागवायला हवं होतं मी. नेहमीसारखं.