खुनी पहिल्याच ओळीत

७ फेब्रुवारी १९९८, नोएडा

सिनेमातले कुटुंब जेवायला बसते, तेव्हा टेबलाची एक बाजू मोकळी का असते? माणसे चार असोत वा सहा, सगळी तीनच बाजूंना दाटीवाटीने! उत्तर सोपे आहे — चौथ्या बाजूला कॅमेरा बसलेला असतो, म्हणजेच आपण. निवृत्तीनंतर, एकोणसाठाव्या वर्षी मला हे उमगले आणि मी हरखून गेलो. तिथेच, थिएटरात, पत्नीला, हेमलताला, सविस्तर समजावले. पुढच्या रांगेतून आवाज आला, "अंकलजी, घर जाके पढ़ाना!"

१० फेब्रुवारी

महाराष्ट्र मंडळाच्या पत्रिकेची संपादक चेतना आली. हातात मी लिहिलेले सिनेमाचे परीक्षण.

"काका, खुनी पहिल्याच ओळीत?"

तिला पद्धत विशद केली. सरकारी टिपणात निष्कर्ष आधी, कारणे नंतर. साहेबाला पूर्ण वाचायला सवड नसते.

"अहो, पण इथे साहेब तिकीट काढून बसलाय!"

खुनी तिसऱ्या परिच्छेदात हलवला. तडजोड.

१२ फेब्रुवारी

हेमलताने जाहीर केले, "यापुढे मी वरच्या कौशल्याबरोबर जाईन. ती पॉपकॉर्न खाते, पण व्याख्यान देत नाही."

१४ फेब्रुवारी

एकटाच गेलो. एका प्रसंगात खिडकीतल्या प्रकाशाची योजना अप्रतिम! मान वळवली — शेजारी कोणी अनोळखी गृहस्थ. मध्यंतरातच घरी परतलो.

१८ फेब्रुवारी

हेमलताला विनंती केली. "माझ्याबरोबर चल. अवाक्षर काढणार नाही."

"आणि वाचून यायचं नाही. शेवट कुणाला विचारायचा नाही."

"बिल्कुल नाही."

"बघू हं. शनिवारी."

२१ फेब्रुवारी

साकेतच्या नव्या थिएटरात गेलो. एकाच छताखाली चार पडदे! यामागचे अर्थशास्त्र ओठांवर आले, गिळले. मध्यंतरात हेमलता म्हणाली, "काही म्हणायचंय?" मी समोसा तोंडात कोंबला. पडद्यावर मुलगी आईशी भांडून परदेशी निघालेली. विमानतळावरून ती परतेल की नाही, मला खरोखर ठाऊक नव्हते. कॅमेरा कुठे होता, आठवत नाही! हेमलताही चकार शब्द बोलली नाही.

२२ फेब्रुवारी

जिन्यात कौशल्याबाई भेटल्या. "भाऊजी, आवडला ना? आम्ही दोघी मंगळवारी काय रडलो!"

आम्ही दोघी?

हेमलता मटार सोलत होती. "हो, पाहिला होता."

"मग पुन्हा कशाला आलीस?"

"पडदा कोण बघत होतं? तुम्हाला बघत होते. दोनदा चष्मा पुसलात."

तीन तास शेवट ठाऊक असून तिने सांगितला नाही! प्रयोग कोणासही करता येण्याजोगा आहे: आपण पाहिलेल्या सिनेमाला, न पाहिलेल्या माणसास घेऊन जावे आणि गप्प बसावे. मला मध्यंतरापर्यंत तरी जमेल का, शंका आहे.