तापाला कोणी जेवू घातलं

१२ जानेवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचनालयातल्या जीवशास्त्राच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचलं. हिवतापाच्या जंतूला प्युरीन, म्हणजे जनुकं घडवायचा कच्चा माल, स्वतः करता येत नाही. आपल्या घरातलं आयतं खाऊन तो वाढतो, असं तू लिहितेस. ऐतखाऊ पाहुणाच की, म्हणून हसले. मग हसू आटलं. तुझे काका त्या शेवटच्या हिवतापात नको नको म्हणायचे आणि मी वाटी घेऊन मागे लागायचे, आणखी दोन घास म्हणून. ते मी कोणाला भरवत होते?

तुझ्या आईला विचारलं तर ती नुसती समजूत घालील. तू खरं ते लिही. वेळेवर जेवत जा.

तुझी काकू

२० जानेवारी

ती. काकूस सा. न. वि. वि.

चूक माझी. मी ज्याला घर म्हटलं ती रक्तातली तांबडी पेशी, तुझं स्वयंपाकघर नव्हे. खाल्लेल्यातलं प्युरीन बहुतेक आतड्यात आणि यकृतातच मोडून जातं. जंतू पेशीत तयार असलेलं उचलतो. काका उपाशी राहिले असते तरी त्याला ते मिळालंच असतं. तुझे घास काकांनाच पोचले.

हे उचललेलं वापरात आणतं एक एन्झाइम, म्हणजे घड्या घालून आकाराला आलेलं प्रथिन. काका लाकडात खोबण कोरायचे, तशी खोबण त्याच्या घडीत असते. आकार जुळेल तोच रेणू तिथे बसतो. तसं एन्झाइम आपल्यातही आहे, पण जंतूच्या खोबणीत झँथिन नावाचा रेणूही बसतो, आपल्यात तो नीट बसत नाही. एवढ्याशा फरकात शिरेल आणि आपल्याला इजा करणार नाही, असं औषध आम्ही शोधतोय. अजून सापडलेलं नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई याला चिकाटी म्हणतात. तू हट्ट म्हणशील.

लोभ आहेच, तो तसाच असू दे.

तुझी खारू

२९ जानेवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पत्र आधी मनात वाचलं, मग यांच्या फोटोपुढे मोठ्यानं. उपकार म्हटलेलं तुला आवडणार नाही, पण मला दुसरा शब्द सुचत नाही. तू नुसती समजूत घातली नाहीस, समजावून दिलंस.

हट्टच तो, आणि थेट काकांचा. सांधा बसला नाही तर ते ठोकत बसायचे नाहीत, पुन्हा कोरायचे. तूही कोरत राहा.

त्यांची वाटी तेव्हापासून फडताळात पालथी होती. आज तिच्यातच जेवले. दोन घास जास्तच.

तुझी काकू